शेवटचा पाना

पक्कडला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ते नाव गाडीच्या कागदांवर होतं आणि दवाखान्याच्या केसपेपरवर होतं, एवढंच. भर रस्त्यात कुणी त्या नावानं ओरडलं असतं तर त्यानं मान वळवूनही पाहिलं नसतं. लहानांचा तो पक्कडदादा, बरोबरीच्यांचा नुसताच पक्कड, मुलींचा आबा आणि बायकोचा 'अहो'.

नाव पडलं ते तरुणपणी, ट्रकच्या तळावर. एका ड्रायव्हरच्या डिझेल टाकीचं झाकण असं काही बसलं होतं की हातोडी झाली, पाना झाला, शिव्या देऊन झाल्या, तरी हलेना. हा पलीकडे चहा पीत उभा होता. ग्लास खाली ठेवला, आला, झाकणावर तळवा ठेवला आणि फिरवलं. जाता जाता बंदही करून दिलं. गोष्ट तिथंच संपली असती तर नाव पडलं नसतं. पण तो ड्रायव्हर पुढच्या पंपावर पोचला तर झाकण पुन्हा निघेना, आणि बिचारा रिकामी होत आलेली टाकी घेऊन ह्यालाच शोधत परत आला. तेव्हापासून पक्कड.

घरातही तेच. ह्यानं बंद केलेला नळ दुसऱ्याला उघडत नसे. ह्यानं लावलेलं बरणीचं झाकण काढायचं तर ह्यालाच उठवावं लागे. "माझ्या नशिबी नवरा नाही, कुलूप आलंय," असं बायको पाहुण्यांना सांगायची आणि वर स्वतःच हसायची.

आणि गाडी. छोटा, जुना ट्रक, पण त्याच्यावरच घर उभं राहिलेलं. दोन मुलींची शिक्षणं, धाकटीचं लग्न, घरावरचा पत्रा, सगळं त्या गाडीनं ओढून आणलेलं. तिला आजवर गॅरेजचा हात लागला नव्हता. तेल बदलण्यापासून ब्रेकपर्यंत सगळं अंगणात, घरच्या घरी. बायको गाडीला सवत म्हणायची. निदान सवतीला तरी वेळच्या वेळी तेल मिळतं, असं टोचायची. कामाला हात लावायला घरात कुणालाही परवानगी होती. नट सोडा, चाक काढा, पुसा, ग्रीस लावा. पण एक गोष्ट ठरलेली: शेवटचा पाना त्याचा. बोल्ट कुणीही बसवलेला असो, अखेरचं आवळणं त्याच्या उजव्या हातानं व्हायचं. गॅरेजमध्ये एक मापाचा पाना असतो. हवं तेवढं आवळलं गेलं की तो टक् करून सांगतो. पक्कडला त्याचं हसू यायचं. "मला भूक लागली हे पण आता घड्याळानं सांगायचं का?" म्हणायचा. तो बोल्ट आवळायचा, एका क्षणी हात आपोआप थांबायचा, मग खिशातला खडू काढून बोल्टच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत एक रेघ मारायचा. रेघ मारली की विषय संपला. त्यानंतर त्या बोल्टला कुणी पाना लावायचा नाही. थोरलीनं लहानपणी एकदा लावून बघितला होता, तर तो दोन दिवस जेवताना तिच्याशी बोलला नव्हता.

गेल्या थंडीत एका सकाळी दात घासताना त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं. हातातला ब्रश खाली पडला आणि तो उचलायला वाकला तर उठेचना. दवाखान्यात राहिला, घरी आला, काठीनं चालला, मग काठी सुटली. जीभ सरळ झाली. उजवा हातही परत आला. मूठ वळायला लागली, बादली उचलायला लागला. पाहायला येणाऱ्यांशी तो मुद्दाम उजव्या हातानं हात मिळवायचा आणि असा दाबायचा की समोरचा म्हणायचा, "अरे हो हो, समजलं, बरा झालास."

एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. हातात जोर आला होता, पण कळणं आलं नव्हतं. हातमोजा घालून जग चाचपल्यासारखं वाटायचं. डॉक्टर तपासायला डोळे मिटायला सांगायचे आणि टाचणी टोचायचे. हा पापण्यांच्या फटीतून बघत असायचा. टाचणी बोटाजवळ आली की "हां," म्हणायचा. डॉक्टर खूश होऊन लिहून घ्यायचे. शाळेत कधी कॉपी केली नव्हती त्यानं, ती ह्या वयात केली.

गाडी आता थोरली चालवत होती. ती आधी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. आबा आडवे झाले तसं तिनं कुणाला न विचारता ट्रकची किल्ली घेतली. डोंगरावरच्या खाणीतून फरश्या भरायच्या आणि खाली शहरात पोचवायच्या. रस्ता म्हणजे सगळा उतार, वळणावर वळण, आणि मागं दगडाचं वजन गाडीला पुढं ढकलत असतं. आठवडाभर पुढच्या चाकांतून खरखर येत होती आणि ब्रेक दाबला की पायाखाली पॅडल थरथरत होतं.

"गॅरेजला टाकते," ती म्हणाली.

"कशाला? मी मेलोय का?"

"आबा, तसं कोण म्हणतंय."

"मग रविवारी काढू. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

थोरलीनं किल्ली हातात फिरवली. मग म्हणाली, "ठीक आहे. एकदा करून बघू. जमलं तर पुढंही तुम्हीच करा. नाही जमलं तर गाडी गॅरेजला, आणि ह्यापुढं प्रत्येक वेळी गॅरेजलाच. मग भांडायचं नाही."

"कबूल," तो म्हणाला. बायको आत भांडी लावत होती, ती थांबल्याचं त्याला ऐकू आलं.

रविवारी सकाळी मागच्या चाकांना दगड लावले, पुढं जॅक चढवला, खाली लाकडाचे ठोकळे दिले. डावीकडचं चाक तर गाण्यासारखं झालं. ब्रेकची चकती दोन्हीकडून दाबून धरणारा एक लोखंडी जबडा असतो, कॅलिपर. त्याचा सांगाडा मागून दोन जाड बोल्टांनी बसवलेला असतो. ते सुटल्याशिवाय चकती बाहेर येत नाही. डावीकडचे दोन्ही बोल्ट तेल मारून, हातोडीनं दोन टोले दिल्यावर कुरकुरत का होईना, निघाले. चकती आणि पॅड नवे बसले, बोल्ट थोरलीनं फिरवत आणले, शेवटचा पाना ह्यानं दिला, रेघ मारली. बाहेर आला तेव्हा त्याची छाती दोन बोटं फुगली होती.

"बघ," तो म्हणाला. "उगाच गॅरेज गॅरेज."

"अजून एक चाक आहे," थोरली म्हणाली.

उजवीकडच्या चाकानं इंगा दाखवला. तिथले बोल्ट गंजून तांबडे झाले होते, आणि गंजाच्या आधी ते ह्यानंच आवळलेले. काही वर्षांपूर्वी, पान्याला हातभर लांब पाईप लावून, अंगातला सगळा जोर काढून. आता तो पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली पडला होता आणि त्या तरुण पक्कडशी कुस्ती खेळत होता. तेल मारलं, थांबला. टोले दिले, थांबला. पाना लावून ओढला. बोल्ट ढिम्म.

बायको चहा घेऊन आली. त्याचा कप ती हल्ली अर्धाच भरायची. तिनं कप पायरीवर ठेवला, वाकून गाडीखाली बघितलं आणि जराशानं म्हणाली, "अहो, सोडताय की आवळताय?"

"तू चहा ठेव आणि जा."

"नाही, मला काय कळतंय त्यातलं. पण मघाशी तुम्ही पाना इकडून तिकडं ओढत होता, आता तिकडून इकडं."

गाडीखाली पाना थांबला. मागून, उलटं पडून काम करताना दिशा फसते. शिकाऊ माणूस हमखास फसतो. पुढून बघितलं तर डावीकडं फिरवायचं ते मागून उजवीकडं दिसतं. पक्कडनं हे डोळे मिटून केलेलं होतं, अंधारात केलेलं होतं, पावसात रस्त्याच्या कडेला केलेलं होतं. आज तो कितीतरी वेळ बोल्ट आवळत होता.

आधीची गोष्ट असती तर बायकोनं महिनाभर हाच किस्सा पुरवून पुरवून सांगितला असता. आज ती हसली नाही. थोरलीही हसली नाही. ती फडक्यानं नवी चकती पुसत राहिली, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिली. त्या न हसण्यानं त्याचे कान तापले.

"खालून उजेड नाही नीट," तो म्हणाला. "बॅटरी धर."

थोरलीनं बॅटरी धरली. त्यानं पाना उलटा लावला, पाईप चढवला, दात आवळले आणि ओढलं. पाना बोल्टच्या डोक्यावरून सटकला आणि त्याची मूठ सांगाड्याच्या कडेवर आपटली.

"च्यायला," तो म्हणाला. पुन्हा पाना लावला. पुन्हा सटकला. बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल झाले होते. आता पान्याला धरायला काही उरलं नव्हतं.

"आबा," थोरली म्हणाली.

"थांब, बारीक गोटीपाना लावून बघू."

"आबा, रक्त."

त्यानं हात उजेडात धरला. दोन बोटांची सालं सोलून निघाली होती, रक्त मनगटापर्यंत ओघळून ग्रीसमध्ये मिसळलं होतं, बाहीला लागलं होतं. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं.

"दिसतंय मला," तो म्हणाला. "कामात लागतंच."

थोरलीनं बॅटरी खाली केली नाही. उजेड त्याच्या हातावरून त्याच्या तोंडावर आला, क्षणभर थांबला आणि परत बोल्टावर गेला.

शेवटी वेल्डरला हाक मारावी लागली. पलीकडच्या शेडमध्ये त्याचं लोखंडी दरवाजे-खिडक्यांचं काम होतं. तो काळी काच कपाळावर चढवून, केबल ओढत आला, गाडीखाली डोकावला आणि त्यानं जीभ चावली.

"पक्कडदादा, हे तुम्ही आवळलेलं आहे का?"

"मग काय तुझ्या बापानं?"

"नाही, तसं असेल तर आधी सांगा. मी घरी निरोप देतो, जेवायला वाट बघू नका म्हणून."

"बडबड कमी कर. डोक्यावर नट जोडून दे."

"तुमच्या डोक्यावर?"

थोरलीला हसू फुटलं. सकाळपासूनचं पहिलं. पक्कडही हसला, कारण हसल्यावर माणसं दुसरं काही विचारत नाहीत.

वेल्डरनं गोल झालेल्या डोक्यावर एक मोठा नट ठेवून वेल्डिंग मारलं. निळा उजेड अंगणभर फडफडला, जळक्या ग्रीसचा वास सुटला. बोल्ट लालभडक झाला, मग हळूहळू काळवंडला. "आता गरम आहे तोवर," वेल्डर म्हणाला. नव्या नटावर पाना बसला, पाईप चढला. पक्कड पुढं सरसावला, पण थोरलीनं पाईपावर आधीच पाय दिला होता. एका हातानं गाडीला धरून तिनं सगळं वजन टाकलं. किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि बोल्ट पाव फेरा फिरला. दुसरा बोल्ट तसाच, तिच्याच वजनानं निघाला.

"सरकारनं एक वेगळं खातं काढायला पाहिजे," वेल्डर केबल गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "पक्कडनं आवळलेलं सोडवणारं खातं. लोकांना नोकऱ्या लागतील."

थोरली दुकानातून नवे बोल्ट घेऊन आली. भोकांतले आटे साफ केले, चकती बसली, पॅड बसले, कॅलिपर चढला. ऊन कलायला आलं होतं. नवे बोल्ट तिनं हातानं फिरवत आणले, पाना लावून टेकवले आणि नेहमीसारखी बाजूला झाली. तो गाडीखाली सरकला. पाना लावला, आवळला. हात थांबला. दुसरा आवळला. हात थांबला. खडू काढला, रेघा मारल्या. चाक चढलं, जॅक उतरला.

थोरलीनं गाडी गल्लीतून फिरवून आणली. कोपऱ्यावर जोरात ब्रेक मारला तो घरापर्यंत ऐकू आला. परत आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"थरथर गेली," ती म्हणाली. "आबा, मानलं तुम्हाला. उद्या खाणीत पहिला नंबर लावते."

"मग? गॅरेज?"

"गॅरेज गेलं खड्ड्यात," ती म्हणाली, आणि जेवणाआधी अंघोळ करायला आत गेली.

पक्कड पायरीवर बसला. अंग ठणकत होतं, पण बरं वाटत होतं, कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. बायकोनं बादलीत गरम पाणी आणि साबणाचा चुरा आणून ठेवला, ग्रीस निघावं म्हणून. त्यानं दोन्ही हात एकदमच पाण्यात घातले. डावा हात चटका बसून झटक्यात वर आला.

उजवा पाण्यातच राहिला. निवांत.

त्यानं त्याच्याकडं बघितलं. पाण्यातून वाफ निघत होती. सोललेली बोटं लाल झाली होती. बायको काही तरी बोलत होती, बादली जरा जास्तच तापली का म्हणून. त्यानं हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि म्हणाला, "पाना राहिला वाटतं खाली."

गाडीखाली जाऊन तो नुसताच पडून राहिला. हात थांबला होता. दोन्ही वेळा थांबला होता. पण आयुष्यभर तो थांबायचा तो कशामुळं? बोल्ट बसल्याचा एक घट्टपणा असतो, तो पान्यातून मनगटात यायचा, तिथून कोपरात, आणि मग हात थांबायचा. आज काय आलं होतं? आज त्याला वाटलं होतं की झालं. नुसतं वाटलं होतं. थांबायची सवय होती म्हणून हात थांबला होता.

त्यानं पाना डाव्या हातात धरला आणि उजव्या चाकाच्या वरच्या बोल्टाला लावला. डाव्या हातात त्याच्या कधीच दम नव्हता. जराच ओढला. बोल्ट फिरला. मुकाट्यानं, लोण्यातून सुरी फिरावी तसा, आणि खडूची रेघ मधोमध तुटून दोन बाजूंना झाली.

 घरातून भांड्यांचा आवाज येत होता. कुणी बघितलं नव्हतं. डाव्या हातानं आवळून नवी रेघ मारली असती तर काम झालं असतं, आणि हे मरेपर्यंत त्याच्या एकट्याजवळ राहिलं असतं. त्यानं आवळायला सुरुवातही केली. डाव्या हातानं जेवढं होतं तेवढं केलं. मग उजव्यानं थोडं. थोडं म्हणजे किती? कमी पडलं तर उतारावर, फरश्यांचं वजन मागून रेटत असताना, बोल्ट हळूहळू मागं येणार. जास्त झालं तर आटे मरणार, आणि मेलेले आटे बाहेरून दिसत नाहीत. बोल्ट घट्ट वाटतो आणि एका वळणावर हातात येतो. त्यानं पुन्हा पाना लावला, पुन्हा काढला. आणि हा तर एक झाला. डावीकडचे दोन, ज्यांच्यावर सकाळी छाती फुगवली होती, त्यांचं काय?

तो सरपटत बाहेर आला आणि पायरीशी उभा राहून त्यानं हाक मारली. थोरली ओले केस बांधत दारात आली.

"काय झालं?"

"पाना घे आणि खाली ये."

"का? तुम्ही रेघ मारलीत ना?"

"मारली. पूस ती."

तिनं केसांची गाठ घट्ट मारली. मग काही न विचारता पोत्यावर आडवी झाली आणि खाली सरकली. बॅटरी त्यानं धरली.

"वरचा आवळ."

तिनं पाना लावला. "फिरतोय," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आबा, हा फिरतोय अजून."

"हो. आवळ."

ती आवळत गेली. "पुरे?"

त्याला वाटलं, आपल्याला सांगता येईल. इतकी वर्षं केलंय, शब्दांत मांडता येणार नाही का? "आधी तो मऊ लागतो," तो म्हणाला. "मग अडतो. अडला तरी अजून थोडा जातो. मग एक येतं... कडक नाही, कडकच्या आधीचं. तिथं थांबायचं."

"आलंय का ते?"

"तुझ्या हाताला काय लागतंय?"

"मला काय ठाऊक? मी शेवटचा पाना कधी दिलाय? तुम्ही कधी देऊ दिलात?"

तिनं आणखी थोडं ओढलं. "आता? पुरे?"

बॅटरीचा उजेड बोल्टावर हलत होता, कारण ती उजव्या हातात होती.

"मला माहीत नाही," पक्कड म्हणाला.

तिनं पाना बोल्टावरून काढला. मग सरकून बाहेर आली आणि जमिनीवर बसून राहिली, पाना मांडीवर ठेवून.

"हाताला काय झालंय, आबा? नीट सांगा."

"जोर आहे. कळत नाही."

"म्हणजे?"

"गरम कळत नाही. लागलेलं कळत नाही. घट्ट कळत नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. तोंड वाकडं झालं त्या दिवसापासून."

"डॉक्टर तर म्हणाले सगळं आलंय."

"डॉक्टरांना मी तसं दाखवलं."

थोरलीनं पाना बाजूला टाकला. तो दगडावर पडल्याचा आवाज झाला. "आणि मी उद्या ही भरून उतारावर नेणार होते. बसून गाणी लावणार होते. तुमची रेघ बघून." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

बायको दारात येऊन उभी होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "कप धरताना ते हाताकडं बघत बसायचे. बघितल्याशिवाय धरता यायचा नाही."

"तुला वाटत होतं?" थोरली वळली. "आणि तू अर्धा कप भरत बसलीस. वा. घरात दोघं शहाणी माणसं, आणि गाडी कोण चालवतंय, मी."

"अगं, त्यांना वाईट वाटलं असतं."

"आणि मी मेल्यावर किती वाटलं असतं?"

 बायको पदरानं तोंड पुसत आत गेली. थोरली अंगणात बसून राहिली. पक्कडनं तिच्या शेजारी बसावं की आत जावं ते त्याला ठरवता येईना, म्हणून तो गाडीला टेकून उभा राहिला.

"सकाळी गॅरेजला ने," तो म्हणाला. "चारही बोल्ट सोडून परत आवळायला सांग. मापाच्या पान्यानं. खाणीत फोन कर, उशिरा येते म्हणून."

"तुम्ही येणार आहात का?"

"येऊ का?"

"तुमची मर्जी," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं, उठता उठता म्हणाली, "या. काय काय केलंय ते त्यांना सांगायला कुणी तरी लागेल. मला नाही सांगता येणार सगळं."

सकाळी गल्लीतून गाडी चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. पक्कड शेजारच्या सीटवर बसला होता. त्या बाजूनं रस्ता कसा दिसतो ते त्यानं फार वर्षांत पाहिलं नव्हतं.  प्रत्येक वेळी ती ब्रेकवर पाय ठेवायची तेव्हा त्याचाही पाय खाली दाबला जायचा.

गॅरेजवाला धाकटीच्या वयाचा होता, कानामागं पेन्सिल अडकवलेली. त्यानं थोरलीला विचारलं, "काय आहे?" थोरलीनं आबांकडं बघितलं.

"पुढचे ब्रेक काल घरी केलेत," पक्कड म्हणाला. "कॅलिपरचे मागचे बोल्ट बघायचेत. उजवीकडचा वरचा दोनदा आवळलाय, आटे तपासून घे. डावीकडचेही बरोबर धरू नको, सोडूनच बघ."

"कुणी केलंय काम?"

"मी."

गॅरेजवाल्यानं त्याच्याकडं एकदा बघितलं. गाडी खड्ड्यावर घेतली आणि बॅटरी घेऊन खाली उतरला. पक्कडही कडेला गेला आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघायला लागला. खालून पाना लावल्याचा आवाज आला. एक बोल्ट सुटला. मग दुसरा सुटला, फार लवकर सुटला. गॅरेजवाला खाली काही तरी पुटपुटला.

"काय म्हणतोस?" पक्कडनं विचारलं. "आटे कसे आहेत?"

"बघतोय. काका, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. एका बाजूला टायरची चळत होती, दुसऱ्या बाजूला एक माणूस दुसऱ्या गाडीखाली पाय पसरून काम करत होता, दारात तेलाचे डबे होते. गॅरेजमध्ये काम नसलेल्या माणसानं कुठं उभं राहायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं. थोरलीनं भिंतीजवळचं स्टूल पायानं पुढं सरकवलं. तो बसला आणि खालून पहिला टक् ऐकू यायची वाट बघू लागला.